पहिल्या प्रवेशातला मेलेला राजा

काकांचा आवाज गेला, पण जाण्याआधी तो केवढा होता हे सांगितल्याशिवाय पुढे सरकता येणार नाही. मरोळच्या आमच्या समाजमंदिरात ते स्टेजवरून नुसतं ‘थांब!’ म्हणाले की बाहेर रस्त्यावर रिक्षा थांबायच्या. तसं बघायला गेलं तर अंधेरीत रिक्षा देवाने हात केला तरी थांबत नाही. विमानतळ तर आमच्या उशालाच. काकांचं स्वगत चालू असताना उतरायला आलेलं एक विमान पुन्हा वर गेलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. वैमानिकाला वाटलं असणार, खालून कुणीतरी नको म्हणतंय.

दिवसा हा माणूस औद्योगिक वसाहतीत लेथवर उभा, आणि संध्याकाळी आमच्या हौशी नाटकमंडळाचा नायक. रिटायर झाल्यावरही नायकच, कारण ‘काका, यंदा नायिकेचा बाप करा’ असं सांगायची छाती कुणाची नव्हती.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. उरली ती नुसती हवा. काका बोलायचे तेव्हा सायकलच्या ट्यूबमधून वारा जातोय असं वाटायचं, आणि तोंडाला कान लावला तरच शब्द कळायचे. लोक कान लावायला लाजतात. ‘हो हो, काका’ म्हणून पुढे जातात. ते काकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ती हवाही सोडायची बंद केली.

काकू एकदा भाजीच्या पिशव्या सावरत मला म्हणाल्या, “हे हल्ली टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघतात रे. मी म्हटलं, मला तरी ऐकू दे. तर रिमोट माझ्या हातात देऊन आत जाऊन झोपले.”

मला त्यावर बोलता येईना. आणि मला बोलता येईना, ही काय साधी घटना आहे?

तेवढ्यात आमच्या दिग्दर्शकाने यंदाचं नाटक काढलं. हा मुलुंडचा पोरगा, वयाने आमच्यापेक्षा लहान, पण कुठल्याशा मोठ्या कार्यशाळेत नाटक शिकून आलेला. त्याने आणलं ते परदेशातलं जुनं, थोर शोकनाटक. नाव सांगत नाही. नाव घेतलं की लोक उगाच ताठ बसतात. गोष्ट साधी आहे. राजा मेलाय, साप चावून असं सगळ्यांना सांगितलंय. त्याच्या भावाने गादीही घेतली आणि राणीशी लग्नही केलं. राजपुत्र सुतकी चेहऱ्याने फिरतोय. आणि नाटक उघडतं ते मात्र यांच्यापैकी कुणावरच नाही. ते उघडतं किल्ल्याच्या तटावर, थंडीत कुडकुडणाऱ्या पहारेकऱ्यांवर. त्यांना मेलेला राजा दिसतो. चिलखत घालून येतो, उभा राहतो, बघतो, आणि एक शब्द न बोलता निघून जातो.

“एक शब्द न बोलता?” काकांनी माझा कान ओढून त्यात हवा सोडली.

“पहिल्या प्रवेशात एकही नाही.”

“मग मला जमेल.”

राजा पुढे एकदा बोलतो, एकट्या राजपुत्राशी. तिथे विंगेतून माईकवर आवाज मी द्यायचा ठरलं. काकांनी नुसते ओठ हलवायचे. दुसऱ्या दिवसापासून काका तालमीला सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागले. काकूंचा फोन आला, “काय केलंस रे? जेवताना मीठ कमी आहे म्हणाले. किती महिन्यांनी!”

आता चिलखताचं ऐका. मासळी बाजारातून आम्ही थर्माकोलची खोकी आणली, कापली, जोडली, वरून चंदेरी रंग मारला. दिसायला झकास. पण धुवून धुवून हात सोलले तरी आधी सुरमई यायची, मग राजा यायचा. तालमीला मरोळमधली सगळी मांजरं दरबारी म्हणून राजाच्या मागे रांगेत. त्यातला एक बोका तर इतका अदबीने चालायचा की त्याला प्रधान करावा असं माझं मत पडलं होतं. पायात गमबूट, तेही चंदेरी. पाऊल टाकलं की ‘च्युंईक’.

पहिल्यांदा सगळं अंगावर चढवून काका आले तेव्हा आम्ही हसलो. सगळेच हसलो. काकाही हसले, पण ते हसणं तोंडापुरतं होतं.

त्या संध्याकाळी टपरीवर दिग्दर्शक मला म्हणाला, “दादा, भूत काढून टाकू या.”

चहा माझ्या नाकात गेला. “म्हणजे काकांना काढू या.”

“तसं नाही रे. आजच्या माणसाला भूत पटत नाही. राजपुत्राच्या मनात दाखवू ना. सुरुवात लग्नाच्या दरबाराने करू. म्युझिक, लाइट, एकदम ग्रँड. भुताचा फक्त आवाज ठेवू, मनातला. तू आहेसच.”

म्हणजे माझा आवाज राहणार आणि काका घरी जाऊन टीव्ही मुका करणार. मी त्याला धरून बसवला.

“हे बघ,” मी म्हटलं, “तू राहतोस त्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरात काय चाललंय हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? सेक्रेटरीला?”

“वॉचमनला.”

“मग! चारशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाला हे कळलं होतं. आत हॉलमध्ये लग्नाचं जेवण चाललंय, पाहुणे ढेकर देतायत, आणि बाहेर गेटवरच्या माणसाला दिसतंय की या घरात काहीतरी कुजलंय. भूत आधी राजपुत्राला दिसत नाही, राणीला दिसत नाही. ज्यांचा या भानगडीशी काडीचा संबंध नाही, अशा पगारी माणसांना दिसतं. का? तर उद्या राजपुत्र म्हणाला, बाप दिसला, तर आपण म्हणू, पोराला दुःखाने भास झाला. पण वॉचमनला भास होत नाही. त्याला कोण मेलं, कोण बसलं, काय फरक पडतो? तू भूत मनात घातलंस की राजपुत्र नुसता रुसलेला मुलगा उरतो. नाटकाची वाट लागते.”

तो हळूच म्हणाला, “दादा, ते सगळं मला शिकवलंय रे. पण आज आपणच हसलो. उद्या अख्खा हॉल काकांवर हसला तर? ज्या स्टेजवर त्यांनी लोकांना रडवलं, तिथे? ते मला बघवणार नाही.”

पोरगा पुस्तकी नव्हता, भित्रा होता, आणि भीती काकांसाठीच होती.

शेवटी ठरलं की रविवारी आमच्या राहत्या वसाहतीतल्या लोकांसमोर रंगीत तालीम करायची. लोक भुतावर हसले, तर भूत जाणार आणि नाटक दरबारापासून सुरू होणार. काकांना हे सांगायचं काम अर्थात माझ्यावर. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि गमबुटांना खोबरेल तेल लावायला बसले.

दोन अडचणी राहिल्या. पहिली, पहारेकरी. तो आमचा मालवणी, लिफ्ट दुरुस्त करणारा. राहायला आरे कॉलनीच्या कडेला. रस्त्यात बिबट्या बसलेला असला तर हा त्याला ‘सरक रे जरा’ म्हणून स्कूटर काढतो. पण भुताचं नाव काढलं की घाम. त्याचं वाक्य होतं, ‘कोण आहे तिथे? थांब! बोल!’ आणि दर तालमीला तो तिथेच अडायचा.

“मेल्या, असा दरडावून इचारतत काय? किल्ल्यार फिरणारो मेलेलो राजा म्हणजे राखणदार. तेका ‘कोण आहे तिथे’ म्हटलंय तर तो माझा नरडा धरीत.”

“अरे, ते काका आहेत!”

“आता काका आसत. चिलखत घातल्यार कोण आसतले, ता काय सांगूचा?”

दुसरी अडचण ताई. समाजमंदिराच्या कमिटीच्या अध्यक्ष. मूळच्या नागपूरकडच्या, मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या, आणि अजूनही त्या आत आल्या की माणूस नकळत जीभ बाहेर काढून दाखवतो. हॉलची किल्ली देताना त्या म्हणाल्या, “नाटकातल्या भुताला माझी हरकत नाही. बाबासाहेबांच्या फोटोसमोर आमची मुलं इथे अभ्यास करतात, एवढं लक्षात ठेवा. नारळ, लिंबू, उतारा, अंगात येणं, यातलं काहीही दिसलं तर मी उठून मेन स्विच बंद करीन. मग बसा अंधारात.”

“ताई, विलायती भूत आहे. त्याला लिंबू माहीत नाही,” मी म्हटलं.

“तुम्हाला माहीत आहे ना?” ताई म्हणाल्या.

रविवारी सकाळचा खेळ. संध्याकाळी हॉल कुणाच्या तरी बारशाला दिलेला. म्हणजे ऐन मध्यरात्रीचं भूत आम्हाला सकाळच्या नाश्त्यानंतर दाखवायचं होतं. खिडक्यांना काळं कापड ठोकलं, तरी झरोक्यातून ऊन येऊन नेमकं किल्ल्याच्या तटावर पडत होतं. खुर्च्या भरल्या. मालवणातले, साताऱ्याचे, विदर्भातले, सगळी वसाहत लोटली होती. ताई पहिल्या रांगेत, स्विचबोर्डाला खेटून. वर पंखे असे फिरत होते की छप्पर उचलून पवईला नेतात की काय.

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला. मालवणी भाला घेऊन कुडकुडत होता; त्याला अभिनय करावा लागत नव्हता. मी विंगेत माईक घेऊन उभा. शेजारी राजपुत्राच्या वेषात दिग्दर्शक, हातात पडद्याची दोरी.

आणि काका आले.

च्युंईक.

खोबरेल तेल वाया गेलं. दुसरं पाऊल, च्युंईक. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सुरमईचा वास पहिल्या रांगेपर्यंत गेला आणि एक बाई म्हणाली, “अगं बाई, राजा बाजार करून आला!” झालं. हॉल फुटला. काका तटावर उन्हाच्या त्या तिरिपेत उभे. चेहऱ्यावर राख फासलेली, त्यामुळे काही दिसत नव्हतं; पण हातातला राजदंड हळूहळू खाली यायला लागला. मला तो विंगेतून दिसला. दिग्दर्शकालाही दिसला. त्याने दोरी आवळली.

“पाडतो पडदा,” तो म्हणाला. त्याचा आवाज काकांपेक्षा बारीक झाला होता.

आणि तेव्हा मालवण्याने भाला खाली ठेवला.

आधी मला वाटलं, पळतोय. पण नाही. त्याच्या मुलखात राखणदाराला कुणी हसलं तर गावावर काय येतं हे त्याला पाळण्यात असल्यापासून माहीत. इथे तर अख्खा हॉल हसत होता, आणि समोर उभा असलेला एकटा माणूस तोच. त्याने हात जोडले, डोळे मिटले, आणि छातीच्या तळातून गाऱ्हाणं घातलं, जसं त्याच्या गावात देवासमोर घालतात.

“बा राजा, ह्या गडाच्या धन्या, म्हाराजाऽ!”

हसू तिथल्या तिथे तुटलं. मागच्या रांगांत कोकणातली माणसं बसली होती. त्यांच्या तोंडून, विचारून नव्हे, आपोआप निघालं, “व्हय म्हाराजा!”

“ही तुझी लेकरा अजाण आसत. हसली, ता पोटात घाल, म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा!” आता साताऱ्याचेही त्यात होते. ज्यांनी जन्मात गाऱ्हाणं ऐकलं नव्हतं, तेही होते. राजाला बाजारहाट करायला लावणारी ती बाई सगळ्यात मोठ्याने.

दिग्दर्शकाने कपाळ धरलं. “दादा, विलायती किल्ला आहे रे हा!”

“आता देवगडला गेला,” मी म्हटलं.

आणि माझं लक्ष ताईंकडे गेलं. ताई उठल्या होत्या. चष्मा सारखा केला आणि सरळ स्विचबोर्डाकडे वळल्या. मी मनातल्या मनात बारशाच्या लोकांना हॉल लवकर देऊन टाकला.

मालवण्याचे डोळे मिटलेलेच. “तुझी काय इच्छा मागे रवली आसात, कोणाक काय सांगूचा रवला आसात, ता आज सांग आणि मोकळो हो, म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा!”

खट्, खट्, खट्.

ताईंनी पंखे बंद केले. फक्त पंखे. दिवे तसेच ठेवले, आणि वळून काकांकडे बघत उभ्या राहिल्या. आयुष्यभर पेशंटच्या तोंडाला कान लावलेली बाई ती. तिला हळू आवाजातलं ऐकायचं होतं.

पंख्यांची घरघर थांबली आणि हॉलमध्ये अशी शांतता झाली की मला अंधेरी स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकू आली. बरं, स्टेशन लांब आहे, सोडा. पण विमानंसुद्धा त्या वेळात गेली नाहीत, हे मात्र खरं.

सगळी वसाहत काकांकडे बघत होती. यातल्या प्रत्येकाने तो आवाज ऐकलेला होता, आणि तो गेल्यापासून प्रत्येक जण ‘हो हो, काका’ म्हणून पुढे गेला होता. आज पहिल्यांदा सगळे मिळून विचारत होते, काय सांगायचं राहिलंय?

काकांनी तोंड उघडलं.

संहितेत नव्हतं ते. राजाने गप्पच राहायचं होतं. पण तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, थर्माकोलची छाती वर आली, आणि बाहेर काहीच आलं नाही. माझ्या हातात माईक होता. मी नुसतं ‘हं’ म्हटलं असतं तरी हॉल दणाणला असता. मी माईक पोटाशी दाबून धरला. काकांनी तोंड मिटलं. सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि वळून निघून गेले. गमबूट वाजले असतील. कुणाला ऐकू आले नाहीत.

पहिल्या प्रवेशातलं भूत काय करतं, हे मी टपरीवर फार पांडित्याने सांगितलं होतं. वॉचमन काय, पुरावा काय. त्यातलं सगळ्यात मोठं मला सुचलंच नव्हतं. त्याला काहीतरी सांगायचंय, आणि ते सांगता न येताच तो जातो. पुढचं सगळं नाटक लोक त्या एका गोष्टीसाठी बसून राहतात. आमचे लोक तसे बसले. मध्यंतराला वडे आले होते, तरी निम्मे उठले नाहीत. यावर विश्वास ठेवणं तुमच्यावर; वडे मी खाल्ले.

राजा पुन्हा आला, राजपुत्राला एकटा गाठायला. आता माझी पाळी. मी माईक तोंडाशी नेला, घसा खाकरला. काकांनी आमच्या दिग्दर्शकाचा, म्हणजे राजपुत्राचा, दंड धरला, त्याला जवळ ओढला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन खरंच बोलायला लागले. वाक्यं सगळी पाठ होती त्यांना. कधी पाठ केली, देव जाणे. ओठ हलवण्यापुरतं तर काहीच पाठ करायची गरज नव्हती.

दिग्दर्शक क्षणभर गडबडला. मग त्याने तो कान तिथेच ठेवला, आणि ऐकलेलं एकेक वाक्य लोकांना सांगू लागला. “मी तुझा बाप आहे... म्हणतायत.” थांबून पुन्हा कान. “मला साप चावला नाही... माझ्या भावाने मारलं.” प्रत्येक वाक्याआधी ती हवा ऐकू यायची, पंखे बंदच होते. पोरगा मधेच रडायला लागला. नाटकात तिथे रडणं आहेच, त्यामुळे बरं दिसलं.

मी माईक खाली ठेवून वायर गुंडाळली.

खेळ संपल्यावर मेकअपच्या खोलीत ताई आल्या. मालवणी कोपऱ्यात लपला. मीच पुढे झालो, “ताई, गाऱ्हाण्याचं जरा... संहितेत नव्हतं.”

“नारळ दिला का कुणी?”

“नाही.”

“मग कसलं भूत आणि कसलं काय. म्हाताऱ्या माणसाला सगळ्यांनी मिळून विचारलं, बाबा तुला काय सांगायचंय. यात अंधश्रद्धा कुठे आली?” मग काकांकडे वळल्या. “उद्या स्पीच थेरपीला कुठे जायचं ते सांगते. आवाज परत येणार नाही. पण आहे ती हवा वापरायची कशी, ते शिकवतात. आणि हे चिलखत जाळून टाका.”

काका चक्क लाजले.

दिग्दर्शकाने राजपुत्राची टोपी काढली. “पहिला प्रवेश राहील,” तो म्हणाला. “आणि पुढचाही असाच, कानात. प्रत्येक प्रयोगाला.” मग मालवण्याला म्हणाला, “तूही गाऱ्हाणं ठेव रे. झकास झालं.”

“हॅ!” मालवणी म्हणाला. “राखणदाराक एकदाच इचारूचा आसता. रोज रोज इचारलंय तर तो म्हणात, ह्येका दुसरो कामधंदो नाय.”

चिलखत जाळलं नाही, ते बोक्याने पळवलं असा माझा संशय आहे. पुढच्या प्रयोगांना पत्र्याचं केलं. मालवणी आता संहितेतलं वाक्य म्हणतो, ‘कोण आहे तिथे? थांब! बोल!’, पण म्हणताना इतक्या अदबीने वाकतो की पाहुण्याला चहा विचारतोय असं वाटतं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर काका राख पुसत बसले होते. काकू दाराशी पिशवी घेऊन उभ्या. मी म्हटलं, “काका, माझं एवढं मोठं भाषण कापलंत तुम्ही. माईकवर काय लागला असता आवाज!”

काकांनी बोटाने जवळ बोलावलं. मी कान पुढे केला.

“तुझा आवाज चांगला आहे रे,” ते म्हणाले. “पण त्यात खरं वाटत नाही.”

“काय म्हणाले?” काकूंनी विचारलं.

“अभिनय छान करतोस म्हणाले,” मी सांगितलं.

काकांनी पिशवी काकूंच्या हातातून घेतली, वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं, आणि काकू इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेर एक रिक्षा थांबली.